विणता येतं, आता कातायला शिकायचंय

मागावर बसायची गोडी लागली की सुताबद्दलच्या तक्रारी सुरू होतात. रंग मनासारखा मिळतो, तर पीळ ढिला निघतो. जाडी जमते, तर धाग्यात जीव नसतो. ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, चांगलं असलेलं सूत बाण्याला, म्हणजे आडव्या धाग्यांना, राठ वाटतं. विकतचं सूत सगळ्यांना चालावं म्हणून तयार केलेलं असतं आणि तुमच्या मनातलं कापड मात्र एकच असतं. या तक्रारी वारंवार मनात येत असतील, तर कातायला शिकायची वेळ झाली आहे असं खुशाल समजा.

हा लेख साधी वीण येणाऱ्यांसाठी आहे. ताणा लावता येतो, कांडी भरता येते, धोटा टाकता येतो, पण टकळी, म्हणजे हाताने फिरवून सूत कातायची चकती लावलेली काठी, कधी हातात घेतलेली नाही, अशांसाठी. कातायला शिकवणारे बहुतेक जण सुयांवर विणणाऱ्यांना डोळ्यासमोर ठेवून शिकवतात: मऊ, फुगीर, गोल धागा. मागाची गरज वेगळी असते. मागावरचं सूत ताणलं जातं, फणीत घासलं जातं, हेडलच्या (ताण्याचे धागे वर-खाली करणाऱ्या भागाच्या) डोळ्यातून शेकडो वेळा खालीवर होतं. म्हणून माझा आग्रह असा की पहिल्या दिवसापासून कापड डोळ्यासमोर ठेवून काता. धागा छान दिसतो का, हा प्रश्न दुय्यम आहे. तो ताण्यात जाणार की बाण्यात, हे आधी ठरवा.

हत्यार घेण्याआधी पीळ बघा

लोकरीचा एक पुंजका घ्या. दोन्ही हातांच्या चिमटीत, दहा-बारा सेंटिमीटर अंतर ठेवून धरा आणि हळू ओढा. तंतू एकमेकांवरून सरकतील आणि शेवटी पुंजक्याचे दोन तुकडे होतील. आता दुसरा पुंजका घ्या, तसाच थोडा ओढून बारीक करा आणि एका टोकाला बोटांनी पीळ देत राहा. एका क्षणी सरकणं थांबतं. कितीही ओढा, तंतू हलत नाहीत. आता पीळ थोडा उलगडा: तंतू पुन्हा सरकायला लागतात, पण तुटत नाहीत.

सरकतंय पण सुटत नाही, ही जी मधली अवस्था आहे ती बोटांना ओळखू येणं म्हणजेच कातणं. हा प्रयोग पाच-सहा पुंजक्यांवर करून बघा. टकळी हातात आल्यावर तिच्या फिरण्याकडे लक्ष जाईल आणि बोटांकडे दुर्लक्ष होईल, म्हणून हे आधी.

पिळाला दिशा असते. टकळी वरून बघताना घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवली की झेड पीळ पडतो. धागा उभा धरला, तर तंतूंची तिरकी रेघ डावीकडून खालून उजवीकडे वर जाते, झेड अक्षराच्या मधल्या रेघेप्रमाणे. उलट फिरवली की एस पीळ. तुमच्या कपाटातलं सूत भिंगाखाली धरून बघा. एकपदरी सूत बहुधा झेड असतं आणि दुपदरी सुताचा वरचा पीळ एस. मागावर याचं महत्त्व खूप आहे, त्याबद्दल पुढे सांगते.

काय कातायचं

सुरुवात लोकरीने करा. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात आणि त्याला नैसर्गिक कुरळेपणा असतो, त्यामुळे तंतू एकमेकांना धरून राहतात आणि शिकणाऱ्याच्या हातून होणारी ओढाताण सहन करतात. तंतूची लांबी ८ ते १२ सेंटिमीटर आणि जाडी २५ ते ३० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास असलेली लोकर सगळ्यात सोयीची. कॉरिडेल मेंढीची लोकर याच गटात मोडते. मेरिनो बहुतेकांना हाताला फार आवडते, पण ती साधारण १७ ते २२ मायक्रॉन इतकी बारीक असते, तिला पीळ जास्त लागतो आणि तो चुकला की धागा लगेच सुटतो. ती दुसऱ्या फेरीसाठी ठेवा. मशिनमध्ये धुता येईल अशी प्रक्रिया केलेली लोकर टाळा, तिचे खवले गुळगुळीत केलेले असल्यामुळे ती हातातून निसटते. आणि मेंढीच्या अंगावरून थेट उतरवलेली, न धुतलेली लोकर पहिल्याच खेपेला घेऊ नका. धुणं, सुकवणं, पिंजणं हे स्वतंत्र काम आहे.

तयार लोकर दोन प्रकारची मिळते. विंचरलेल्या लोकरीचे तंतू एका दिशेला समांतर लावलेले असतात, आखूड तंतू काढून टाकलेले असतात. तिचा धागा गुळगुळीत, घट्ट आणि चिवट होतो. पिंजलेल्या लोकरीत तंतू सगळ्या दिशांना असतात, मध्ये हवा राहते आणि धागा हलका, उबदार, जरासा केसाळ होतो. विणणाऱ्याच्या भाषेत सांगायचं तर पहिली ताण्याची लोकर आणि दुसरी बाण्याची. शिकायला मात्र विंचरलेलीच घ्या, कारण तिच्यात तंतू कसे सरकतात ते डोळ्यांना दिसतं. एकाच प्रकारची, एकाच रंगाची २०० ग्रॅम लोकर घ्या. पन्नास-पन्नास ग्रॅमचे चार रंग घेण्याचा मोह होतो, पण प्रत्येक लोकरीचा स्वभाव वेगळा असतो आणि हात एका स्वभावाला सरावायला वेळ लागतो. फिकट रंग बरा, गडद रंगात चुका दिसत नाहीत.

तुम्ही सुती कापड विणत असाल तर कापसाकडे मन ओढणं साहजिक आहे. कापसाचा तंतू साधारण २२ ते ३५ मिलिमीटर, म्हणजे लोकरीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढा. तो टिकून राहायला पीळ भरभर आणि भरपूर लागतो. लोकरीवर महिनाभर हात बसल्यावर कापूस घेतलात तर तोच हात तिथे चालतो, फक्त दोन्ही हातांमधलं अंतर आणि वेग बदलतो.

टकळी की चरखा

टकळी. चरखा परवडत असला तरी आधी टकळीच.

चरखा येण्याआधी हजारो वर्षं जगातलं सगळं कापड टकळीच्या सुतावर विणलं गेलं, जहाजांची शिडंसुद्धा. तेव्हा टकळी हे कामचलाऊ साधन आहे, हा समज सोडून द्या. शिकणाऱ्याला तिचा मोठा फायदा असा की ती थांबवता येते. पीळ देणं, तंतू ओढणं आणि सूत गुंडाळणं ही तीन कामं एकामागून एक, सावकाश करता येतात. पायाच्या चरख्यावर ती एकाच वेळी चालू असतात आणि चाक तुमच्यासाठी थांबत नाही.

लोकरीसाठी ३५ ते ५० ग्रॅम वजनाची, अधांतरी लोंबकळत फिरणारी टकळी घ्या. चकती वरच्या बाजूला आणि डोक्यावर आकडा असेल तर धागा अडकवणं सोपं जातं. घेताना चिमटीत धरून फिरवून बघा. डोलत, थरथरत फिरत असेल तर घेऊ नका, ती थरथर धाग्यात उतरते आणि टकळी लवकर थांबते. घरी करायची असेल तर पंचवीस-तीस सेंटिमीटरची गुळगुळीत काठी आणि मधोमध भोक पाडलेली सात-आठ सेंटिमीटरची लाकडी चकती पुरते. भोक अगदी मध्यावर हवं, बाकी काही चालून जातं. फार हलक्या टकळीवर जाड धागा काढायला गेलात तर ती लगेच उलटी फिरते. फार जड टकळी बारीक धागा तोडते. कापसासाठी लागणारी टकळी वेगळी: लहान, हलकी, वाटीत टेकवून फिरवायची, म्हणजे कच्च्या धाग्यावर वजन येत नाही.

पुढे चरखा घ्याल तेव्हा एकच आकडा विचारा: मोठं चाक एकदा फिरलं की धाग्याला किती पीळ पडतात. जाड लोकरीला सहा ते आठ पुरतात, बारीक लोकरीला बारा-पंधरा किंवा जास्त बरे, आणि कापसाला त्याच्या कितीतरी पट. पेटी चरखा कापसासाठीच घडवलेला आहे. गांधीजींच्या येरवडा तुरुंगातल्या मुक्कामात त्याला आकार आला, म्हणून त्याला येरवडा चरखा असंही म्हणतात. त्याची बारीक चाती, म्हणजे सूत कातणारी लोखंडी सळई, फार वेगाने फिरते आणि लांब तंतूची लोकर त्यावर कातायला गेलात तर पीळ आवरत नाही.

पहिला धागा

टकळीच्या दांड्याला, चकतीच्या खाली, साधारण साठ सेंटिमीटरचा लोकरी धागा बांधा. शक्यतो दुपदरी आणि थोडा केसाळ. तो चकतीच्या कडेवरून वर आणा आणि आकड्यात अडकवा. हा तुमचा सुरुवातीचा धागा, नवी लोकर यालाच जोडायची आहे.

पेळूचा, म्हणजे विंचरलेल्या लोकरीच्या लांब पट्ट्याचा, हातभर तुकडा काढा. तुकडा काढताना दोन्ही मुठी तंतूच्या लांबीपेक्षा जास्त अंतरावर ठेवा, नाहीतर कितीही जोर लावला तरी पेळू तुटणार नाही, कारण एकाच तंतूची दोन्ही टोकं तुम्ही धरलेली असतात. हा नियम कातण्यात जागोजागी लागतो. अडलं की आधी हातांमधलं अंतर बघा. तुकडा उभा चिरून अंगठ्याएवढ्या जाडीचा करा आणि हलक्या हाताने ओढून जरा मोकळा करा.

आता सुरुवातीच्या धाग्याचं सुटं टोक आणि पेळूचं टोक आठ-दहा सेंटिमीटर एकमेकांवर ठेवा, चिमटीत धरा आणि टकळी घड्याळाच्या दिशेने फिरवा. पीळ चढत जाईल आणि नवी लोकर पकडेल. पकडली की टकळी थांबवून गुडघ्यांमध्ये धरून ठेवा. पहिले काही दिवस असंच करायचं: फिरवा, थांबवा, गुडघ्यात धरा, मग साठवलेल्या पिळावर शांतपणे काता.

हातांचं काम असं. टकळीजवळचा हात म्हणजे पुढचा हात. त्याची चिमूट म्हणजे दरवाजा: पीळ त्याच्या खालीच अडून राहतो. मागचा हात पेळू धरतो, पण पाखरू धरावं इतका अलगद. पुढच्या हाताने मोजके तंतू पकडून टकळीच्या दिशेने तीन-चार सेंटिमीटर ओढा. वर तंतूंचा एक विरळ, त्रिकोणी पट्टा तयार होईल. आता चिमूट पूर्ण न सोडता, जरा सैल करून ती पेळूच्या दिशेने मागे सरकवा. तिच्यामागून पीळ वर चढतो आणि त्या पट्ट्याचा धागा होतो. पुन्हा ओढा, पुन्हा सरकवा. पीळ चिमटीच्या पलीकडे पेळूत शिरू देऊ नका. शिरला तर तिथे घट्ट गाठोडं होतं आणि ओढणं थांबतं. तसं झालंच तर टकळी किंचित उलटी फिरवून तेवढा पीळ काढून घ्या आणि पुढे चला.

हातभर धागा झाला की आकड्यातून सोडवून चकतीखाली गुंडाळा, वीस-पंचवीस सेंटिमीटर शिल्लक ठेवून पुन्हा आकड्यात अडकवा. गुंडाळताना धागा ताणात ठेवा, ढिला सोडला की तो लगेच स्वतःभोवती आढ्या घालतो. सूत चकतीला लागून जाड आणि खाली निमुळतं होत जाईल असं गुंडाळलं की टकळी डोलत नाही.

धागा तुटणारच. तुटला की घट्ट पिळलेल्या टोकाला नवी लोकर जोडू नका, ती धरत नाही. ते टोक उलगडून दोन-तीन बोटं मोकळं करा, नव्या लोकरीचे तंतू पसरा, सहा-आठ सेंटिमीटर एकमेकांवर ठेवा आणि पीळ चढू द्या. नीट झालेला जोड नंतर शोधून सापडत नाही. मध्येच जाड गुठळी आली तर तिच्या दोन्ही बाजूंना, तंतूच्या लांबीएवढं अंतर ठेवून धरा, थोडा पीळ उलगडा आणि ओढा. गुठळी पातळ होईल. टकळी धाग्यातून सुटून खाली पडत असेल तर पीळ कमी आहे. धागा ढिला सोडताच मळसूत्रासारखा वळत असेल तर पीळ जास्त आहे. आणि टकळी थांबली की उलटी फिरू लागते, तेव्हा साठवलेला पीळ जातो. थांबायच्या आधीच ती हातात घ्यायची सवय लावा.

रोज पंधरा-वीस मिनिटं काता. आठवड्यातून एकदा तीन तास बसण्यापेक्षा याचा फार उपयोग होतो, मनगटं आणि खांदेही दुखत नाहीत. गुडघ्यात न धरता टकळी लोंबकळत ठेवून कातणं एक दिवस आपोआप सुरू होतं.

सारखेपणा

मागावर पहिली फिर्याद याचीच येते. उपाय सोपा आहे. मनासारखं जमलेलं मीटरभर सूत एका पुठ्ठ्यावर गुंडाळा आणि तो पुठ्ठा कातताना जवळ ठेवा. दर काही मिनिटांनी नव्या धाग्याशी जाडी ताडून बघा. दुसरी खूण पिळाची: ताज्या धाग्याची वीतभर लांबी ढिली सोडली की तो स्वतःवर दुमडून दुपदरी होतो. तो दुमडलेला तुकडाही पुठ्ठ्यावर चिकटवून ठेवा, दर बैठकीत तसाच पडतो का ते बघा.

जाडी मोजायची तुम्हाला माहीत असलेलीच पद्धत: पट्टीवर एका इंचात किती वेढे बसतात ते मोजा. साध्या विणीसाठी त्याच्या निम्मे धागे. वीस वेढे बसत असतील तर इंचाला दहा. हातसूत धुतल्यावर फुगतं, म्हणून मोजमाप नेहमी धुतलेल्या सुताचं घ्या.

दुपदरी करणं

एकपदरी सुतात पिळाची ओढ जिवंत असते. दोन पदर एकत्र करून उलट्या दिशेने पिळले की ती ओढ एकमेकांना तोलते, जाड-बारीकपणाही बराच झाकला जातो. दोन सारखे गोळे करून दोन वाट्यांत ठेवा, दोन्ही टोकं टकळीला बांधा आणि आता घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. पीळ आधीच्यापेक्षा कमी लागतो, साधारण दोन-तृतीयांश. मीटरभर सूत दोन्ही हातांत धरून मध्ये झोळ सोडा: झोळ सरळ लोंबला तर पीळ तोलला गेला.

बाण्यासाठी एकपदरी चालतं. ताण्यासाठी निदान पहिल्या एक-दोन कापडांना दुपदरीच घ्या.

धुणं

सूत फाळक्यावर, नसेल तर खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लड करा आणि चार ठिकाणी सैल बांधा. ४५-५० अंश पाण्यात वीस मिनिटं बुडवून ठेवा. चोळू नका, लोकर पिळून काढू नका आणि गरम पाण्यातून एकदम गार पाण्यात टाकू नका, लोकर गुंतून जाड होते. टॉवेलात दाबून पाणी काढा, लड दोन-तीनदा झटका आणि टांगा. खाली वजन बांधायची सवय अनेकांना असते. वजनाने सूत सरळ दिसतं, पण तो ताण कापड धुताना सुटतो आणि कापड अपेक्षेपेक्षा जास्त आटतं. कापसाचं सूत मात्र थोडा साबण घालून तासभर उकळावं लागतं, त्याशिवाय त्याचा पीळ बसत नाही.

मागावर

पहिल्या कापडाला ताणा विकतचा आणि बाणा हातचा. ताणा गुळगुळीत, मजबूत आणि तुमच्या सुताच्याच जाडीचा निवडा. हिशेब करून बघा: ३० सेंटिमीटर रुंद आणि १८० सेंटिमीटर लांब गळपट्टा, सेंटिमीटरला चार धागे. बाण्याच्या ७२० फेऱ्या होतात, प्रत्येकीला साधारण ३३ सेंटिमीटर सूत. म्हणजे जवळपास २४० मीटर. ताणा, मागावर वाया जाणारा भाग धरून, १२० धागे गुणिले २.६ मीटर, म्हणजे ३१२ मीटर. दोन्ही हातचं काढायचं तर साडेपाचशे मीटर, आणि दुपदरी असेल तर एकपदरी धागा त्याच्या दुप्पट. बाण्यापासून सुरुवात का, ते या आकड्यांतच आहे. २०० ग्रॅम लोकरीतून शिकण्यात वाया जाणारं सूत काढूनही एवढा बाणा निघतो.

कातलेल्या क्रमानेच कांड्या भरू नका. सुरुवातीचं जाड आणि नंतरचं बारीक सूत वेगवेगळ्या कांड्यांत घ्या आणि दोन धोटे आलटून पालटून चालवा. फरक सगळ्या कापडात विखुरतो आणि पोत म्हणून शोभतो. एकाच बाजूला साठला तर पट्टा दिसतो. सुरुवातीला दहा सेंटिमीटरचा नमुना विणून, मागावरून कापून, धुऊन वाळवून बघा. मागावर विरळ वाटणारं लोकरी कापड धुतल्यावर भरतं, त्यामुळे मागावरच ठोकून घट्ट करायची घाई नको.

हातचं सूत ताण्याला लावायचं ठरेल तेव्हा दोन चाचण्या करा. वीतभर धागा दोन्ही हातांनी झटका देऊन ओढा: तुटला किंवा तंतू सरकून सुटला, तर तो ताण्याला नको. मग धागा ताणून धरून एकाच जागी नखाने वीस-तीस वेळा घासा. तंतू उभे राहून गोळे व्हायला लागले तर फणीतही हेच होणार. अशा सुताला पातळ खळ लावून वाळवा, ताणा लावताना फणी एक नंबर मोकळी घ्या. जाड जागा हेडलच्या डोळ्यातून सहज जाते का, तेही ओवण्याआधी पाहून घ्या.

आता पिळाच्या दिशेची गोष्ट. ताणा आणि बाणा एकाच पिळाचे असले, की जिथे ते एकमेकांना भेटतात तिथे दोन्हींचे तंतू जवळपास एकाच दिशेने पडतात, धागे एकमेकांत बसतात आणि कापड पातळ, घट्ट, रेखीव होतं. उलट पिळाचे असले, तर तंतू आडवे येतात, धागे एकमेकांवर राहतात आणि कापड फुगीर, मऊ होतं, धुऊन दाट करायला हे चांगलं. एकाच रंगाच्या ताण्यात झेड आणि एस पिळाचे पट्टे आलटून पालटून लावले, तर प्रकाश दोन्हींवर वेगळा पडतो आणि रंग न बदलता पट्टे दिसतात. विकतच्या सुतात ही निवड क्वचितच मिळते. टकळी उलटी फिरवली की ती तुमच्या हातात येते. मला तर कातण्यातली ही सगळ्यात आनंदाची जागा वाटते.

प्रत्येक लडीला चिठ्ठी बांधा: लोकर कोणती, वजन, लांबी, इंचातले वेढे, पीळ कोणत्या दिशेचा. आणि सगळं सूत विणून संपवू नका, प्रत्येक खेपेतलं दहा मीटर बाजूला ठेवा. ताण्याचा धागा तुटला तर जोडायला त्याच सुताचा तुकडा लागतो, आणि पुढच्या वेळी तसंच सूत काढायचं असेल तर समोर ठेवायला नमुना.